काटाही कारखान्याचाच असेल तर? : घरापर्यंतची वायर यूट्यूब-नेटफ्लिक्सनं टाकावी का

अहमदपूरकडच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं विचारलंय : "यूट्यूब, नेटफ्लिक्स, हॉटस्टार यांच्याकडं एवढा पैसा आहे, तर घरापर्यंतचं ब्रॉडबँडचं जाळं त्यांनी स्वतःच का टाकू नये? मधला दलाल जाईल, दर उतरतील, आणि आमच्याकडं रात्री नऊनंतर व्हिडिओ गोल फिरत बसतो ते तरी थांबेल."

मधला दलाल म्हणजे मीच. ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. १९९६ साली लातूर जिल्ह्यात केबल टीव्हीच्या धंद्यात आलो, तेव्हा गच्चीवर छत्री, खाली व्हीसीआर आणि खांबाखांबावरून काळी कोॲक्सियल असा सगळा संसार होता. पुढं सेट-टॉप बॉक्स आले, मग फायबर. आज काही गावं आणि लातूरच्या दोन-तीन वसाहती माझ्या वायरवर आहेत. म्हणजे माझं पोट या प्रश्नात गुंतलेलं आहे, आणि तरीही काही ठिकाणी मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे.

उत्तर आधी सांगून टाकतो. समुद्राखालची केबल त्यांनी जरूर टाकावी. मुंबईपर्यंतची मोठी लाईन टाकावी. गावोगावी साठवणुकीचे बॉक्स ठेवावेत. पण घराच्या भिंतीतून आत येणारी शेवटची वायर त्यांच्या मालकीची नको. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं काळजी करण्यासारखी गोष्ट याच्या उलटी आहे. त्यावर नंतर येतो.

आधी तुमच्या व्हिडिओचं बघू, कारण तुमचा सगळा प्रश्न त्याच्यावर उभा आहे आणि तिथंच गफलत आहे.

तुमच्या भिंतीवरच्या पांढऱ्या डबीला आम्ही ओएनयू म्हणतो. तिच्यातून बारीक ड्रॉप केबल खांबावर जाते. खांबावरच्या पेटीत स्प्लिटर असतो, तो एका काचेच्या धाग्यातला प्रकाश आठ-सोळा घरांत वाटतो. असे वाटप होत होत एका पोर्टवर साधारण ६४ घरं येतात, आणि तो पोर्ट ज्या यंत्रात असतो त्याला ओएलटी म्हणतात. माझी ओएलटी एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत आहे, शेजारी चार बॅटऱ्या आणि उंदरांसाठी एक पिंजरा. जीपॉन नावाच्या ज्या तंत्रावर बहुतेक फायबर चालतं, त्यात एका पोर्टची खाली येणारी क्षमता सुमारे २५०० एमबीपीएस. आता हिशेब करा. एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएस पुरतात. फोर-के असेल तर १५. चौसष्टच्या चौसष्ट घरांनी एकाच वेळी एचडी लावलं तरी ३२० एमबीपीएस होतात. म्हणजे शेवटची वायर निम्मी काय, चौथा हिस्साही भरत नाही.

मग रात्री नऊला अडकतं कुठं? ओएलटीच्या मागं. आमच्यासारखा छोटा माणूस मोठ्या कंपनीकडून महिन्याच्या भाड्यानं बँडविड्थ, म्हणजे एका वेळी किती माल वाहील ती क्षमता, घेतो. समजा माझी हजार घरं आहेत आणि रात्री त्यातली चारशे बघत बसली. चारशे गुणिले पाच, दोन हजार एमबीपीएस. मी मागून हजारच घेतले असतील तर गोल फिरणारच. याला धंद्यात ओव्हरसेलिंग म्हणतात, आणि कोण किती करतो हे नऊ ते अकरा या दोन तासांत कळतं. टेलच्या शेतकऱ्याला जसं पाळीचं पाणी पोचलं की नाही त्यावरून वरच्यांनी किती उपसलं ते समजतं, तसंच. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आहे. शेपटाला पाणी आलं नाही तर आपण शेतातली चारी दोषी धरत नाही.

लातूर मुंबईपासून लांब आहे म्हणून अडकतं, हाही एक गोड गैरसमज. प्रकाश काचेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. पाचशे किलोमीटर जायला अडीच मिलिसेकंद. वाट वाकडी असली, मध्ये चार यंत्रं असली तरी डोळ्याला कळणार नाही एवढाच फरक पडतो. अंतरानं नाही, गर्दीनं अडकतं.

आणि या गर्दीचा इलाज कंटेंटवाल्यांनी कधीच शोधलाय, वायर विकत न घेता. नेटफ्लिक्सनं २०१२ मध्ये ओपन कनेक्ट सुरू केलं. इंटरनेट पुरवणाऱ्याकडं पुरेशी रहदारी असेल तर नेटफ्लिक्स स्वतःचा लाल रंगाचा सर्व्हर त्याला फुकट देतो. तो सर्व्हर पहाटेच्या शांत वेळी नवे सिनेमे आणि मालिका उतरवून ठेवतो आणि रात्री गिऱ्हाइकाला जवळच्या जवळ वाढतो. अशा साठवणुकीच्या बॉक्सला आम्ही कॅश म्हणतो. गूगलचाही तसाच कॅश आहे, फेसबुकवाल्यांचाही आहे. दुष्काळात गावाच्या वेशीवर टँकर उभा करावा तसं हे. फक्त इथं टँकर रात्री भरतो. माझ्यासारख्याची रहदारी तेवढी नसते, म्हणून तो बॉक्स माझ्या किराणा दुकानामागं येत नाही. तो माझ्या वरच्या कंपनीकडं मुंबईत किंवा पुण्यात असतो. ती कंपनी मला दोन प्रकारचा माल विकते : कॅशमधून येणारी रहदारी स्वस्त, बाहेरच्या जगातून येणारी महाग. रात्रीच्या व्हिडिओचा मोठा भाग स्वस्त बाजूनं येतो. तेव्हा तुमचा ऑपरेटर "मला परवडत नाही" म्हणाला तर त्याला विचारा, कॅशची लाईन किती घेतलीस? तो आधी चपापेल, मग चहा सांगेल.

तर शेवटची वायर यूट्यूबची झाली म्हणून तुमचं नऊ वाजताचं दुखणं जाईल, असं नाही. दुखणं त्या वायरीत नाहीच.

मग त्या वायरीत आहे काय? तिथं आहे फक्त राबणूक.

मागच्या हंगामातली गोष्ट. डिसेंबरची थंडी, रात्री साडेदहा. रेणापूरच्या बाजूला उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ऊस खांबाच्या वर गेलेला. हंगामात आमची सर्वांत जास्त वायर कोण तोडत असेल तर हा डबल ट्रॉलीवाला. जेसीबी दुसऱ्या नंबरवर. ट्रॉली रस्ता ओलांडणारी केबल ओढून घेऊन गेली, पुढच्या खांबावरची पेटी उखडली, चाळीसेक घरांच्या ओएनयूवर लाल दिवा. आमची दोन पोरं मोटारसायकलवर निघाली, काचेचे धागे जोडायचं स्प्लाइसिंग मशीन शाळेच्या दप्तरात. काचेचा धागा केसाएवढा, आणि आत प्रकाश जातो तो भाग नऊ मायक्रॉनचा. बोटं गारठली की धागा सरळ कापला जात नाही. एकानं धागा सोलायचा, दुसऱ्यानं मोबाईलची बॅटरी धरायची. तेवढ्यात एका घरातून बारावीचा पोरगा घोंगडी पांघरून बाहेर आला. "मामा, उद्या टेस्ट आहे, लेक्चर अर्धंच राहिलंय." लातूरात हे वाक्य ऐकल्यावर कुणी सकाळी बघू म्हणत नाही. धाग्यातून किती प्रकाश पोचतो ते सांगणारा पॉवर मीटर लावला, वजा एकोणतीस. जोड पुन्हा केला. वजा एकवीस. वजा वीसच्या आसपास आलं की आम्हाला झोप लागते. सत्तावीसच्या पलीकडं गेलं की ओएनयू प्रकाश ओळखतच नाही. पावणेबारा वाजले. त्या पोराच्या आईनं चहा दिला आणि वर विचारलं, "महिन्याचे पैसे कमी करा की भाऊ."

आता ही राबणूक कॅलिफोर्नियातली कंपनी करील का? करील, पण कंत्राटदार नेमून. कंत्राटदार उपकंत्राटदार नेमील, आणि शेवटी दप्तरात मशीन घेऊन निघणारी पोरं हीच असतील. फक्त त्या बाईंना तक्रार करायला माझा नंबर नसेल, एक ॲप असेल.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. एका कंटेंट कंपनीनं हा प्रयोग खरंच करून पाहिलाय. गूगलनं २०१० च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की आम्ही स्वतः फायबर टाकतो. कॅन्सस सिटी निवडली, २०१२ मध्ये सेवा सुरू केली, एक गिगाबिटचा वेग महिन्याला ७० डॉलरमध्ये. त्या काळी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला हे स्वप्नच होतं. याचं श्रेय मी त्यांना पुरेपूर देतो. जुन्या कंपन्या सुस्त पडल्या होत्या, गूगल दारात आल्यावर त्यांनीही गिगाबिट काढलं. पण २०१६ च्या ऑक्टोबरात गूगलनं नव्या शहरांचं काम थांबवलं. कारण तेच जे आम्हाला सर्वांना माहीत आहे : फायबर स्वस्त, खड्डा महाग. आणि खांबावर जागा मागायला गेलं की खांबाचा मालक प्रतिस्पर्धी निघतो.

अमेरिकेतल्याच लुइव्हिल शहरात त्यांनी खड्ड्याचा खर्च वाचवायची शक्कल काढली. रस्त्याच्या कडेला जेमतेम दोन इंच खोल चिरा पाडून त्यात फायबर बसवायचं आणि वरून डिंकासारखं रसायन भरायचं. ते रसायन निघून आलं, फायबर रस्त्यावर उघडं पडलं. २०१९ च्या फेब्रुवारीत कंपनीनं शहर सोडायचं जाहीर केलं, एप्रिलमध्ये सेवा बंद, आणि रस्ते नीट करायला महापालिकेला ३८ लाख डॉलरहून जास्त भरपाई. दोन इंच! आपल्याकडं पहिल्या पेरणीपूर्व नांगरटीतच गेलं असतं. पुढं गूगल फायबर बंद पडलं नाही, २०२२ नंतर काही नव्या शहरांत गेलंही. पण जगातली एवढी धनाढ्य कंपनी, आणि बारा वर्षांत अमेरिकेच्या थोड्याच शहरांपुरती राहिली. पैसा कमी पडला म्हणून नव्हे. ज्या माणसाला एका क्लिकवर जगभर माल पोचवायची सवय आहे, त्याला गल्लीगल्लीत खड्डे मोजायचा धीर नसतो. आणि मोठ्याला कंटाळा आला की तो निघून जातो; लुइव्हिलच्या गिऱ्हाइकाला दोन महिन्यांत दुसरा शोधावा लागला.

आपल्याकडचंही बघा. गूगलनं रेल्वेच्या रेलटेल कंपनीबरोबर २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून स्टेशनवर फुकट वायफाय सुरू केलं, दोन वर्षांत ४०० स्टेशनं केली. काम चांगलं होतं, कित्येक पोरांनी फलाटावर बसून स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरले. २०२० च्या सुरुवातीला गूगलनं सांगितलं, आता मोबाईल डेटा स्वस्त झाला, आम्ही यातून बाहेर पडतो. स्टेशनवरचं वायफाय मात्र चालू राहिलं, कारण खालचं जाळं रेलटेलचं होतं. हे जाळंच गूगलचं असतं तर?

आता काट्याकडं येतो.

ऊस लावणाऱ्याला विचारा, त्याला सर्वांत जास्त कशाची धास्ती असते. भावाची नाही, काट्याची. कारखाना ऊस घेणार आणि वजनही कारखान्याच्याच काट्यावर होणार. काटा खरा असेलही. पण बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली ट्रॉली बघितली की काही कारखान्यांची तोंडं वाकडी होतात, आणि शेतकऱ्याच्या मनातली शंका तिथंच पक्की होते. चोरी झाली की नाही हा प्रश्नच नाही. चोरी करणं ज्याच्या फायद्याचं आहे आणि पकडणं ज्याला अवघड आहे, त्याच्या हातात काटा दिलाय, हा प्रश्न आहे. वायर म्हणजे काटा. यूट्यूबच्या वायरीवरून दुसऱ्याचा व्हिडिओ जाताना तो थोडा जरी अडखळला, तर तुम्ही कुणाला दोष देणार? तुम्ही म्हणाल, ते दुसरं ॲपच भंगार आहे. आणि काढून टाकाल.

हे मी कल्पनेनं सांगत नाही. केबलच्या धंद्यात मी स्वतः या काट्याजवळ बसलेलो आहे. ॲनालॉगच्या काळात जुन्या टीव्हीत ठरावीक बँडच नीट लागायचे. आमच्या भाषेत प्राइम बँड, कलर बँड, एस बँड. प्राइम बँडला बसलेला चॅनल सगळ्यांच्या टीव्हीत स्वच्छ, एस बँडच्या टोकाला ढकललेला चॅनल निम्म्या टीव्हीत मुंग्या. मग चॅनलवाले केबलच्या मोठ्या कंपन्यांना चांगल्या जागेसाठी पैसे द्यायचे, त्याला कॅरेज फी म्हणत. आम्हा खालच्यांना फोन यायचा : अमुक चॅनल आजपासून तमुक नंबरला. एक बातम्यांचा चॅनल रात्रीत मुंग्यांत गेलेला मी पाहिलाय. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडायचं, मी वरच्याचं नाव सांगायचो, वरचा फोन उचलायचा नाही. बघणाऱ्याला वाटायचं, चॅनलच बिघडला.

आणि केबल ज्याची, चॅनलही त्याचाच असलं म्हणजे काय होतं हे तमिळनाडूनं पाहिलं. तिथं सन टीव्हीच्या घराण्याचीच सुमंगली केबल. शेवटी राज्य सरकारला २००७ मध्ये अरसू केबल नावाची स्वतःची कंपनी काढावी लागली. देशपातळीवर ट्रायनं, म्हणजे टेलिफोन-केबलवर नियम करणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं, २००४ च्या डिसेंबरात नियमच केला की चॅनलवाल्यानं आपला सिग्नल मागेल त्या प्रत्येक वितरकाला, भेदभाव न करता, द्यायचा. कारण तोवर चॅनलचे मालक स्वतःच केबल आणि डिश टीव्हीत उतरत होते आणि बाकीच्यांना सिग्नल देताना हात आखडत होते. केबलवाल्यांना हा इतिहास तोंडपाठ आहे, इंटरनेटवाली नवी पिढी तो पहिल्यापासून गिरवतेय.

कंटेंटवाल्यानं दारात उभं राहायचा प्रयत्न भारतात झालाही. वायर न टाकता, नुसता दरवाजा अडवून. फेसबुकचं फ्री बेसिक्स आठवतं का? काही निवडक साइट फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे. २०१५ च्या डिसेंबरात पानभर जाहिराती आल्या, आणि मार्क झुकरबर्गनं लेख लिहिला त्यात दाखला महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा, त्याला हवामान आणि बाजारभाव कसे फुकट कळतात याचा. त्या वर्षी मराठवाड्यात प्यायला पाणी नव्हतं, चारच महिन्यांनी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मी तो लेख वाचून हसलो होतो. शेतकऱ्याला बाजारभाव हवाच, पण कोणत्या बाजाराचा ते त्याला ठरवू द्या की. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं नियम काढला : कोणता मजकूर बघता यावरून डेटाचा दर बदलता येणार नाही. फ्री बेसिक्स संपलं. २०१८ मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली, म्हणजे वायरवाल्यानं कुणाचा माल अडवायचा नाही, रेंगाळवायचा नाही, पुढं काढायचा नाही. कागदावर हा जगातल्या कडक नियमांपैकी एक आहे.

मग उलटी काळजी कोणती? वायरवालाच आता माल घेऊन बसलाय. जिओ २०१६ मध्ये आलं. नेटवर्क१८ त्याच्या आधीच, २०१४ मध्ये, रिलायन्सकडं गेलं होतं. २०१८ मध्ये हॅथवे आणि डेन या केबलच्या दोन मोठ्या कंपन्यांत रिलायन्सनं बहुमताचा हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. २०२० मध्ये फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी घातले आणि गूगलनं ३३,७३७ कोटी. २०२४ च्या नोव्हेंबरात डिस्नीचं स्टार आणि रिलायन्सचं वायकॉम१८ एक झालं, ७०,३५२ कोटींचं घर, आणि १४ फेब्रुवारी २०२५ पासून जिओहॉटस्टार. मोबाईल, घरातली वायर, केबल, चॅनल, ॲप आणि क्रिकेट एकाच समूहात. यात कुणी कायदा मोडलाय असं मी म्हणत नाही. स्पर्धा आयोगानं अटी घालून मंजुरी दिली आहे. पण तुमचा प्रश्न "कंटेंटवाल्यानं वायर घ्यावी का" असा आहे, आणि इथं वायरवाल्यानं कंटेंट केव्हाच घेतलंय. दोन्ही रस्ते एकाच चौकात येतात.

माझ्या दुकानात आता कनेक्शन घ्यायला येणारा वेग विचारत नाही. विचारतो, "हॉटस्टार फ्री आहे का?" मी नाही म्हटलं की निम्मे परत जातात. डेटाचा दर मजकुरावरून वेगळा लावायला बंदी आहे, पण डेटाबरोबर ॲपची वर्गणी बांधून द्यायला नाही. या फटीतून बरंच काही आत येतं. मीही तीन-चार ॲपचं गाठोडं बाहेरून विकत घेऊन देतो आता. लाज वाटते, पण देतो.

अमेरिकेत या सोयरिकी मात्र फारशा टिकल्या नाहीत. इंटरनेट पुरवणारं एओएल आणि सिनेमा-चॅनलवालं टाइम वॉर्नर २००१ मध्ये एक झाले आणि २००२ या एका वर्षात जवळजवळ ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला. टेलिफोनवाल्या एटी अँड टीनं २०१८ मध्ये टाइम वॉर्नर घेतलं, चार वर्षांत वेगळं केलं. टेलिफोनवाल्याच व्हेरायझननं एओएल आणि याहू घेतलं, २०२१ मध्ये विकून टाकलं. केबलवाल्या कॉमकास्टचं तेवढं एनबीसी या चॅनलवाल्याशी निभावलं. सिनेमा काढणं आणि खड्डा खणणं या दोन वेगळ्या जातीच्या कला आहेत, एका तालमीत शिकवता येत नाहीत.

मग समुद्राखालची केबल का चालेल, असं तुम्ही विचाराल. फेसबुकवाल्या मेटाची टू-आफ्रिका केबल ४५,००० किलोमीटरची, मुंबईला येते. गूगलच्या एका केबलला तर आपल्या सी. व्ही. रामन यांचं नाव आहे, तीही मुंबईलाच येते. तिथं माझी हरकत नाही, कारण मुंबईच्या किनाऱ्यावर अशा पुष्कळ केबल लागतात आणि माझी वरची कंपनी ही नाही तर ती निवडू शकते. तुमच्या अहमदपूरच्या घरात मात्र वायर एकच येते. फार तर दोन. एस.टी. स्टँडवर दहा हॉटेलं असतील तर एखादं मालकानं काढलं म्हणून बिघडत नाही. घाटात एकच टपरी असेल तर तिचा मालक कोण ते बघावं लागतं.

एक सूचना आमच्याच धंद्यातल्या मोठ्यांकडून येते, तीही मला पटत नाही. मोबाईल कंपन्यांची संघटना म्हणते, व्हिडिओवाल्यांनी आमचं जाळं वापरल्याचा हिस्सा द्यावा. ऐकायला बरं वाटतं. पण गिऱ्हाईक माझ्याकडं पैसे भरतं ते व्हिडिओ बघायलाच ना? एकाच पोत्याची हमाली दोघांकडून घ्यायची? दक्षिण कोरियात असे पैसे घेतात. तिथं एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स वर्षानुवर्षं कोर्टात भांडले, २०२३ मध्ये मिटलं. २०२४ मध्ये थेट व्हिडिओ दाखवणारं ट्विच तर तिथल्या जाळ्याच्या खर्चाला कंटाळून देशच सोडून गेलं. असा हिस्सा आला तर तो मोठ्या वायरवाल्याला मिळेल, माझ्या दप्तरवाल्या पोरांना नाही. आणि लातूरच्या एखाद्या क्लासचालकानं स्वतःचं व्हिडिओ ॲप काढलं असेल तर उद्या त्यालाही तोच टोल.

मला पटणारी व्यवस्था आपल्या घरातच आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे केले : वीज तयार करणारी कंपनी वेगळी, मोठ्या तारा नेणारी वेगळी, घरात देणारी महावितरण वेगळी. ब्रिटननंही टेलिफोनच्या वायरींसाठी २००६ मध्ये ओपनरीच वेगळं काढलं, पुढं २०१८ मध्ये तिची कंपनीच वेगळी केली. त्या वायरीवरून शेकडो कंपन्या इंटरनेट विकतात. तसं आपल्याकडं व्हावं. शेवटची वायर एखाद्या कंटेंट समूहाची असेलच, तर तिचा हिशेब वेगळा ठेवावा आणि ठरलेल्या भाड्यानं ती माझ्यासारख्यालाही वापरू द्यावी. सरकारच्या भारतनेट योजनेचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये मंजूर झालं, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं होतं. पंचायतीपासून घरापर्यंतच्या कामाला शेवटी गावातलेच उद्यमी नेमायचं ठरलं. २०२३ मध्ये त्यासाठी १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना आली. सरकारही फिरून शेवटी दप्तरवाल्या पोरांपाशीच आलं.

माझ्यासारख्यांची बाजू घेतली म्हणून आम्ही धुतल्या तांदळासारखे आहोत असं समजू नका. कमी बँडविड्थ घेऊन जास्त घरं जोडणारे आमच्यात भरपूर आहेत, आणि "१०० एमबीपीएस" लिहून रात्री आठ देणारेही. गावात एकच वायर असेल आणि ती माझी असेल, तर मीही काट्याजवळच बसलोय. फरक इतकाच की माझा स्वतःचा ऊस नाही.

आता तुमच्या घरचं. राउटर कुठं आहे ते लिहिलं नाहीत. माझ्याकडच्या दहा तक्रारींत पाच-सहा वेळा तो टीव्हीच्या मागं नाहीतर लोखंडी कपाटावर सापडतो. तेव्हा आधी हे करा. लॅपटॉपला लॅन केबल थेट ओएनयूतून लावा, वायफाय बंद. पहाटे सहाला वेग मोजा, रात्री साडेनऊला मोजा. दोन्ही सारखेच आणि चांगले आले तर दोष वायफायचा, राउटर मधल्या खोलीत उंचावर आणा. पहाटे चांगला आणि रात्री पडला तर ऑपरेटरनं मागून कमी घेतलंय, दोन्ही आकड्यांचे फोटो घेऊन त्याच्या दुकानात जा. वेग रात्रीही चांगला, पण यूट्यूबच तेवढं अडकतंय असं असेल तर त्याची कॅशची लाईन भरली आहे. आणि दोन्ही वेळेला वेग पडलेलाच आला, तर त्याला मीटर घेऊन घरी बोलवा. वजा सत्तावीसच्या आसपास दाखवलं तर खांबावरचा जोड गेलाय. हंगाम सुरू झालाय, एखादी ट्रॉली लागून गेली असेल.